वडिलांच्या मागे घरात राहिलेल्या बंदुकांचं काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हाला तपासता येईल. वडील जाऊन सात-आठ महिने झाले. सावंतवाडी तालुक्यातल्या घरी आई एकटी असते, तुम्ही पुण्यात आणि भाऊ दुबईत. वडिलांच्या नावावर शेतीसंरक्षणाची एकनळी बारा बोर होती, ती आईच्या खोलीत कपाटामागे उभी आहे. माळ्यावर आजोबांची ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू भरायची जुनी बंदूक आहे, आणि एका पत्र्याच्या डब्यात काडतुसं, केपा (ठासणीचा बार पेटवणाऱ्या छोट्या टोप्या) आणि थोडी बंदुकीची दारू. घरात कोणालाच बंदूक वापरायची नाही. शेजारचे काका म्हणतात, ‘माकडांनी वैताग आणलाय, मला द्या, मी वापरतो.’ मामा म्हणतात, ‘पोलिसांच्या फेऱ्यात कशाला पडता, आरोंद्याच्या खाडीत टाकून मोकळे व्हा.’ भावाला ठासणीची भिंतीवर लावायची आहे, आजोबांची आठवण म्हणून. यातलं कोणाचं ऐकावं, असं तुम्ही विचारलंत.

काकांचं आणि मामांचं अजिबात ऐकू नका. भावाचं म्हणणं समजण्यासारखं आहे, पण त्याची वाट लांबची आहे, त्याबद्दल खाली लिहितो. मुख्य म्हणजे, बंदुकांचं पुढे काय करायचं हा तुमच्यापुढचा पहिला प्रश्नच नाही. पहिला प्रश्न असा की आज त्या तुमच्या आईच्या ताब्यात आहेत आणि तिच्याकडे परवाना नाही. ठेवायची, विकायची की सरकारजमा करायची, यावर घरात चार महिने चर्चा झाली तरी चालेल. ताब्याचा प्रश्न मात्र याच आठवड्यात सोडवायला हवा. लोक हे दोन्ही निर्णय एकत्र घ्यायला जातात. ‘भाऊ आला की ठरवू’, ‘गणपतीत सगळे जमले की बघू’ म्हणतात आणि बंदूक वर्षानुवर्षं कपाटामागेच राहते.

माझ्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. माझं बंदूक विक्री आणि दुरुस्तीचं परवानाधारक दुकान आहे, माझ्या वडिलांनी सुरू केलेलं. वारसांनी आणलेल्या बंदुका जमा करून घेणं, तपासणं, विकत घेणं हा आमच्या रोजच्या कामाचा मोठा भाग आहे. म्हणजे तुम्ही बंदूक विकलीत तर माझ्यासारख्याच कोणाला तरी धंदा मिळतो. विक्रीबद्दल मी जे सांगेन ते हे लक्षात ठेवूनच वाचा, आणि किंमत एकाच दुकानात विचारू नका.

आता कायद्याचं, जेवढं तुम्हाला लागतं तेवढं. बंदूक ही मालमत्ता आहे, ती वारसांकडे येते. परवाना त्या माणसाला दिलेला असतो, तो वारसांकडे येत नाही. वडील गेले त्या दिवसापासून बंदुकीची मालकी तुम्हा सगळ्यांची झाली, पण ती घरात ठेवायचा अधिकार कोणाकडेच उरला नाही. 1959 च्या शस्त्र अधिनियमातलं कलम 21 नेमकं अशाच वेळेसाठी आहे. कोणत्याही कारणाने शस्त्राचा ताबा कायदेशीर राहिला नाही, तर विनाकारण उशीर न करता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायचं. जमा केलं म्हणून मालकी जात नाही. वारसाला नंतर परवाना मिळाला तर बंदूक परत घेता येते, किंवा परवाना असलेल्या माणसाला विकून पैसे घेता येतात. ही तरतूद बहुतेकांना ठाऊक नसते. जमा करायची म्हणजे बंदूक कायमची गेली, या समजुतीनेच लोक टाळाटाळ करतात.

आणि टाळाटाळीची किंमत मोठी आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगल्याबद्दल कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आणि वर दंड अशी शिक्षा आहे. हे मी तुमच्या आईला घाबरवायला लिहीत नाही. आपणहून लेखी कळवून बंदूक जमा करणाऱ्या घरच्यांना पोलिसांनी त्रास दिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. ‘इतके दिवस का नाही आणलीत?’ एवढं विचारतात, आणि मृत्यू, दिवसकार्य, घरातली आजारपणं हे उत्तर त्यांनाही समजतं. पण हेच शस्त्र घरफोडीत गेलं, किंवा कोणी नेऊन वापरलं आणि मग कळलं, तर तिथे समजून घेणारं कोणी नसतं. कोकणात वर्षातले कितीतरी महिने बंद असणारी घरं आहेत, आणि अशा घरात बंदूक आहे हे अख्ख्या वाडीला माहीत असतं.

तर या आठवड्यात काय करायचं. सगळ्यात आधी आईला फोन करून सांगा की दोन्ही बंदुका आणि तो डबा आहेत तिथेच राहू द्यायचे, पुसायला किंवा दाखवायलाही हात लावायचा नाही आणि खोलीला कुलूप लावायचं. त्यानंतर वडिलांची परवान्याची वही शोधा. ती बहुधा सातबाऱ्याच्या कागदांबरोबर किंवा बँकेच्या पासबुकांच्या पिशवीत सापडते. वहीत तीन गोष्टी बघा: परवान्याची मुदत कधीपर्यंत होती, त्यावर युआयएन म्हणजे राष्ट्रीय नोंदणीचा क्रमांक आहे का, आणि शस्त्रांच्या रकान्यात एक बंदूक लिहिली आहे की दोन. हा शेवटचा रकाना फार महत्त्वाचा आहे. ठासणीची त्यात असली तर तुमचं काम सरळ आहे, नसली तर थोडं वेगळं. परवाना जुना असेल आणि त्यावर रत्नागिरीच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांचा शिक्का दिसला तर गोंधळू नका. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 ला झाला, त्याआधीचं सगळं रत्नागिरीचं. आजोबांचा कागद त्याहून जुना असला तर त्यावर सावंतवाडी संस्थानचा शिक्काही असू शकतो. असे कागद फेकू नका, पुढे कार्यालयात त्यांचाच आधार मिळतो.

मग साध्या कागदावर पोलीस ठाण्याच्या नावाने अर्ज लिहा. वडिलांचं नाव, मृत्यूची तारीख, परवाना क्रमांक, बंदुकीचा प्रकार आणि क्रमांक, काडतुसांची साधारण संख्या, आणि ‘आम्हा वारसांकडे परवाना नसल्याने शस्त्र जमा करून घ्यावे’ ही विनंती. बंदुकीचा क्रमांक परवान्यातूनच उतरवा, तो बघण्यासाठी बंदूक उचलायची गरज नाही. सोबत मृत्यूच्या दाखल्याची आणि परवान्याची प्रत जोडा. एक प्रत ठाण्यात द्या, दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. त्याची आणखी एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात, सिंधुदुर्गनगरीला, शस्त्र परवान्याचं काम बघणाऱ्या शाखेत द्या. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत हे अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतात. तुम्ही पुण्यात राहत असलात तरी वडिलांचा परवाना सिंधुदुर्गचा, म्हणून जमा करण्याचं काम तिथेच होईल.

बंदूक ठाण्यापर्यंत न्यायची कोणी, हा प्रश्न लोकांना सुचतच नाही. गाडीच्या डिकीत घालून निघू नका. वडील असताना दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी त्यांच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्या कोणाला बंदूक नेता येत होती. आता ते अधिकारपत्र लिहून देणारं कोणी नाही. म्हणून आधी अर्ज द्या आणि ठाणे अंमलदारांना विचारा की आपण कोणाला पाठवता. बहुतेक ठिकाणी बीटवरचा हवालदार पोलीस पाटलांना घेऊन घरी येतो, जागेवर कागद करतो आणि शस्त्र घेऊन जातो. ‘तुम्हीच घेऊन या’ म्हणाले तर ते त्या अर्जावरच लिहून मागा आणि पोलीस पाटलांना सोबत न्या. शस्त्र ताब्यात दिलं की पावती घ्या. पावतीवर बंदुकीचा क्रमांक, नळी आणि दस्ता कोणत्या अवस्थेत आहेत, आणि काडतुसं किती, हे सगळं लिहिलेलं हवं. ‘एक बंदूक जमा’ एवढीच पावती मिळाली तर पुन्हा लिहून मागा.

आता ठासणीच्या बंदुकीबद्दल, कारण तुमच्या घरातली सगळ्यात धोक्याची वस्तू ती आहे. बारा बोर एकनळी असल्याने कळ सरकवली की मधून मोडते, आत काडतूस आहे की नाही ते डोळ्याला दिसतं. ठासणीचं तसं नाही. तिच्यात दारू, चिंध्या आणि छर्रे तोंडाकडून गजाने ठासतात, आणि एकदा बार भरला की तो बाहेरून दिसत नाही. रानडुकरांसाठी राखणीला बसणारी माणसं संध्याकाळी बार भरून ठेवत, जनावर आलं नाही की बंदूक तशीच खुंटीला टांगत. अशी एखादी रात्र शेवटची ठरली असेल तर बार अजून आत आहे. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक दशकांनीही पेटते.

दुकानात अशी बंदूक आली की मी आधी घोड्याखाली बघतो. केप बसवायची जी छोटी चोच असते तिच्यावर तांब्याची केप चिकटलेली आहे का? असली तर बंदूक भरलेलीच समजायची. नसली तरी भरलेलीच समजायची. मग तोंड भिंतीकडे, माणसांपासून लांब ठेवून, स्वतः तोंडासमोर न येता, एक लाकडी काठी नळीत हलकेच शेवटपर्यंत सोडतो. नळीच्या तोंडाशी काठीवर खूण करतो, काठी बाहेर काढतो आणि तीच काठी नळीच्या बाहेरून शेजारी धरतो. नळी रिकामी असेल तर काठीचं टोक चोचीच्या जागेपर्यंत पोचतं. चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत बार आहे. तो काढायचा तर आधी पाणी सोडून दारू भिजवतो, मग गजाला स्क्रू लावून चिंध्या ओढून काढतो. ही कृती तुम्ही करून बघावी म्हणून मी लिहिलेली नाही. माळ्यावरून ती खाली काढताना घोडा कुठे अडकला तर काय होईल, याची कल्पना यावी म्हणून लिहिली आहे. अर्जातच एक वाक्य घाला: ‘ठासणीची बंदूक भरलेली आहे किंवा नाही हे आम्हाला माहीत नाही.’ येणारा हवालदार तरुण असेल तर त्यानेही अशी बंदूक कधी हाताळलेली नसेल, आणि त्या वाक्यामुळे तो माहितगाराला सोबत आणेल.

डब्याचंही तसंच. जुनी कागदी नळकांड्याची काडतुसं कोकणच्या हवेत फुगतात, पितळेवर हिरवा थर येतो. ती पुसू नका, बंदुकीत बसतात का बघू नका. दारू चुलीत किंवा शेकोटीत टाकणं, विहिरीत ओतणं, कचऱ्यात देणं यातलं काहीही करू नका. काडतुसांनाही परवाना लागतो, म्हणून डबा उघडाबंद न करता बंदुकांबरोबरच जमा करा.

ठाण्यात जमा करावं की दुकानात? दोन्ही कायदेशीर आहे. ठाण्यात खर्च जवळजवळ नाही, आणि आई घरात एकटी असताना सगळ्यात लवकर होणारी गोष्ट तीच. पण मुद्देमालाच्या खोलीत बंदुकीला तेल कोण लावणार? दोन पावसाळे गेले की नळीत गंज धरतो. दुकानदार जागेचं भाडं घेतो, पण बंदूक कोरडी आणि तेल लावून राहते. तुमच्या जागी मी असतो तर आधी ठाण्यात जमा केली असती. मग विकायची किंवा परवाना घ्यायचा असं ठरलं, तर कार्यालयाच्या परवानगीने ती दुकानात हलवली असती. सरकारजमाच करायची असेल तर हलवायची गरज नाही. जमा केलेलं शस्त्र कायम तसंच पडून राहत नाही हेही लक्षात असू द्या. ठरलेल्या मुदतीत कोणी नेलं किंवा विकलं नाही, तर जिल्हादंडाधिकारी ते सरकारजमा करू शकतात. त्याआधी वारसांना नोटीस येते आणि उत्तर द्यायला तीस दिवस मिळतात. ती नोटीस गावच्या पत्त्यावर येईल, म्हणून अर्जात पुण्याचा पत्ताही द्या.

इथवर झालं की तुमच्या आईच्या घरात शस्त्र नाही, तुमच्या हातात पावती आहे, मालकी तुमचीच आहे आणि घाई संपली. यापुढचं सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे.

तुम्ही लिहिलंत की तुम्ही मुलगी, त्यामुळे निर्णय भावाचाच. तसं नाही. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, तुम्ही आणि भाऊ, तिघांचा हक्क सारखा, आणि आजी हयात असतील तर त्यांचाही. एकाच्या नावावर परवाना घ्यायचा असो की बंदूक विकायची असो, बाकीच्यांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागतं. भावाला ते दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून पाठवता येईल. बहिणीला न विचारता अर्ज केला आणि वर्षभराने तो त्याच एका कागदासाठी परत आला, अशी प्रकरणं मी वारंवार बघतो.

आता ठेवायची म्हटलं तर कोणी? वारसाला परवाना मिळू शकतो, शस्त्र नियम 2016 मध्ये वारसांसाठी वेगळी तरतूदच आहे. पण तो आपोआप मिळत नाही. नवा अर्ज, पोलीस चौकशी, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण, सुरक्षित साठवणुकीचं हमीपत्र, सगळं करावं लागतं. शेतीसंरक्षणाच्या कारणासाठी सातबाराही लागतो आणि तिथे राहून शेती बघणारा माणूसही. तुम्ही पुण्यात, भाऊ परदेशात, म्हणजे तुम्हा दोघांसाठी हे कारणच टिकायला अवघड. आई तिथे राहतात, जमीन आहे, त्या अर्ज करू शकतात. पण परवाना आईच्या नावावर आणि बंदूक गड्याच्या हातात, हे चालत नाही. आईंना स्वतःला नको असेल तर विषय तिथेच संपतो. अजून एक: आता एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. 2019 पर्यंत ही मर्यादा तीन होती, आणि वारशाने आलेल्या बंदुकांनाही आता दोनचीच मर्यादा आहे.

ज्यांचे वडील किंवा आजोबा हयात आहेत त्यांनी यातून एक गोष्ट घ्यावी. परवानाधारकाचं वय सत्तर झालं किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्यांच्याकडे असली, तर ते हयात असतानाच वारसाच्या नावावर परवान्यासाठी अर्ज करता येतो. घरात कोणालाच नको असेल तर तेही वडील स्वतः सही करू शकतात तोवरच मिटवावं. परवानाधारकाने स्वतः विकायला किंवा परत करायला लागणारा वेळ आणि त्याच्यामागे वारसांना लागणारा वेळ, यात फार मोठा फरक पडतो.

विकायची असेल तर. शेजारच्या काकांकडे स्वतःचा परवाना आहे का, हे आधी विचारा. नसेल तर एका रात्रीसाठीसुद्धा देऊ नका. बंदूक त्यांच्या हातात सापडली तर गुन्हा त्यांच्यावर होईल आणि चौकशी तुमच्या आईची होईल. परवाना असेल आणि त्यात एका शस्त्राची जागा शिल्लक असेल, तर विकता येते. त्यासाठी घेणाऱ्याचं नाव-पत्ता देऊन जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला लेखी कळवायचं, आणि त्यानंतर किमान 45 दिवस जाऊ द्यायचे. तुम्ही वारस असल्याने कार्यालयाकडून विक्रीची परवानगी लेखी घ्या आणि मगच व्यवहार करा. एक सांगतो, शेतीसंरक्षणाची बंदूक म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव कायदा 1972 पासून लागू आहे, आणि काकांनी डुक्कर मारलं तर त्याचा जाब त्यांना वेगळा द्यावा लागेल.

दुकानदाराला विकलीत तर कागद कमी, पैसेही कमी. देशी बनावटीच्या साध्या एकनळीला आज फार गिऱ्हाईक नाही, हे स्पष्ट सांगतो. परदेशी बंदुकांची गोष्ट वेगळी. त्यांची खाजगी आयात कित्येक दशकं जवळजवळ बंद असल्याने जुन्या, चांगल्या राखलेल्या विलायती दुनळीला अजूनही मागणी आहे. तेव्हा जमा करताना पावतीवर बनवणाऱ्याचं नाव आलं आहे का बघा. नळीच्या पट्टीवर किंवा मधल्या लोखंडी भागावर ते कोरलेलं असतं. बर्मिंगहॅम किंवा बेल्जियमच्या लिएजचे तपासणीचे छाप असले तर दोन-तीन दुकानांत दाखवल्याशिवाय सौदा करू नका. पण जुनी विलायती म्हणजे मौल्यवान असं सरसकट धरूनही चालू नका. नळीला आतून खड्डे पडले असले किंवा दस्ता मनगटाशी, म्हणजे मुठीत धरायच्या बारीक भागाशी, तडकला असला तर नावाला किंमत राहत नाही. गंजलेला क्रमांक दिसावा म्हणून घरी कानस किंवा पॉलिश पेपर मारू नका. क्रमांक पुसणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि ओळखखूण नसलेली बंदूक विकताही येत नाही. आलेले पैसे तिघांचे, हेही घरात आधीच बोलून घ्या.

कोणालाच नको आणि विकायचीही नाही, तर सरकारला परत करा. तिन्ही वारसांच्या सह्यांनी ‘आमचा कोणताही हक्क न ठेवता शस्त्र सरकारजमा करत आहोत’ असं लिहून द्यायचं. पैसे मिळत नाहीत. पण माझ्या मते, साधी एकनळी असेल आणि घरात कोणाचा जीव तिच्यात अडकलेला नसेल, तर तुमच्यासारख्या कुटुंबासाठी हाच सगळ्यात बरा मार्ग आहे. दुकानदार असूनही मी हे गिऱ्हाइकांना तोंडावर सांगतो. फक्त एक करा, कोणताही मार्ग घेतलात तरी. मूळ परवाना कार्यालयात परत करा आणि वडिलांच्या नावावरची नोंद कमी झाल्याचं पत्र घ्या. ते राहिलं तर प्रत्येक निवडणुकीला ‘बंदूक जमा करा’ म्हणून तुमच्या आईच्या दारात पोलीस येत राहतील.

भावाची ठासणीची. कायद्यात जुन्या शस्त्रांना सूट आहे, पण ती नीट वाचायला हवी. जुन्या घडणीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकं शस्त्र, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला कायदा लागू होत नाही. तुमच्या आजोबांची ठासणीची बहुधा चोच बदलली आणि घोड्याची कमान नवी बसवली की चालेल. म्हणजे ती सुटीत बसत नाही, शंभर वर्षांची असली तरी. ती वापरता येते की नाही हे ठरवणं आपल्या हातात नसतं, तपासून घेऊन कार्यालयाकडून लेखी घ्यावं लागतं. नळीला भोक पाडून स्वतःच निकामी करणं हाही मार्ग नाही, शस्त्रात असा बदल करायला परवाना लागतो. कोणीतरी सांगेल की कर्नाटकातल्या कोडगूत लोक परवान्याशिवाय बंदुका ठेवतात. ते खरं आहे, पण ती सूट केंद्र सरकारने खास तिथल्या कोडव समाजाला आणि जम्माधारकांना (तिथल्या जुन्या वंशपरंपरागत जमिनींच्या धारकांना) दिलेली आहे, आपल्याकडे ती लागू नाही. आणि भावाने ती दुबईला न्यायचा विचार केला असेल तर तो सोडून द्यायला सांगा. परवान्याशिवाय शस्त्र देशाबाहेर नेता येत नाही, आणि शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरावस्तू कायद्यातही येऊ शकते.

बंदुकीवर नक्षीकाम असेल, संस्थानचं चिन्ह किंवा लेख असेल, तर संग्रहालयाला विचारता येईल. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या शस्त्रांचं चांगलं दालन आहे. साधी राखणीची ठासणीची मात्र कोणी घेईल अशी आशा धरू नका. आठवण हवी असेल तर बंदूक जमा करण्याआधी, हवालदार समोर असताना, तिचे फोटो काढून ठेवा. आजोबांचा जुना परवाना सापडला तर त्याची प्रत फ्रेम करा. त्यावर त्यांचं नाव असतं, सही किंवा अंगठा असतो. भिंतीवर लावायला मला ते बंदुकीपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

उरलं एकच. ठासणीची कोणत्याच परवान्यात नसेल तर काय? मग ती वारशाने आलेली असली तरी कागदावर विनापरवाना शस्त्र आहे. अशा वेळी माझ्यासारख्याच्या सल्ल्यावर थांबू नका. अर्ज देण्याआधी फौजदारी कामं करणाऱ्या स्थानिक वकिलाला भेटा आणि अर्ज त्याच्याकडून लिहून घ्या. आजोबांच्या काळापासून घरात होती, आम्हाला नुकतीच सापडली, आम्ही स्वतःहून देत आहोत, हे त्यात नेमक्या शब्दांत यायला हवं. वकील भेटेपर्यंत ती माळ्यावरून हलवू नका. पण तेवढ्यासाठी बारा बोर जमा करायची थांबवू नका, आणि ‘दुसरीचं कशाला सांगायचं’ म्हणून ती मागे लपवून ठेवू नका. ठाण्यातली माणसं घरी आली की माळा त्यांनाही दिसतो.

मामांना खाडीबद्दल एवढंच सांगा की वडिलांची बंदूक सरकारी नोंदीत क्रमांकासह आहे. ती कुठे गेली हे एक ना एक दिवस विचारलं जाणार, आणि ‘टाकून दिली’ हे उत्तर सिद्ध करायला तुमच्याकडे काहीही नसेल. उद्या ओहोटीला ती कोणाच्या जाळ्यात आली तर बोलायलाच नको.

परवाना सापडला की त्यातलं शस्त्राचं पान बघून दोन्ही बंदुका त्यात आहेत का ते लिहा, आणि मुदतीची तारीखही. त्यावरून अर्जात नेमके कोणते शब्द घालायचे ते सांगतो.